द्राक्षरसाचा जमाखर्च

नाशिकच्या उत्तरेस सुमारें २५ किलोमीटरांवर असलेलें दिंडोरी हें गांव मराठ्यांच्या इतिहासांत एका लढाईमुळें प्रसिद्ध आहे. ऑक्टोबर १६७० मध्यें, सुरतेची दुसरी लूट घेऊन परतणाऱ्या शिवाजीमहाराजांची व मोगल सरदार दाऊदखान याची वणी-दिंडोरीच्या परिसरांत गांठ पडली आणि उघड्या मैदानांत मराठ्यांनीं मोगली फौज हटविली. अलीकडच्या काळांत मात्र दिंडोरीचें नांव दूरवर पोंचलें तें द्राक्षांमुळें. कादवा नदीच्या खोऱ्यांत, करंजवण, वाघाड इत्यादि धरणांच्या पाण्यावर, येथें द्राक्षबागा बहरल्या. महाराष्ट्र सरकारनें २००१ मध्यें द्राक्षप्रक्रिया उद्योगाचें धोरण जाहीर केल्यानंतर नाशिक जिल्ह्यांत वाइनचे कारखाने वाढले, आणि एका प्रसिद्ध कंपनीच्या तांबड्या वाइनच्या नांवांतच दिंडोरी हा शब्द जाऊन बसला.

द्राक्षरसाचा रसायनशास्त्राशीं असलेला संबंध ह्या साऱ्याहून जुना आहे. शाळेंतील मुलें ज्याला रासायनिक समीकरण म्हणतात, आणि ज्याच्या दोन्ही बाजूंचे अणु जुळवितांना त्यांचा जीव मेटाकुटीस येतो, त्या समीकरणाची वजनाच्या पायावर पहिली मांडणी झाली ती द्राक्षरसाचेंच उदाहरण घेऊन. कोणत्या पदार्थापासून कोणते पदार्थ होतात हें रेघा ओढून दाखविण्याचा प्रयत्न १६१५ सालच्या एका फ्रेंच रसायनग्रंथांतहि आढळतो. परंतु घातलेलें आणि निघालेलें यांचा तोळामाशानें मेळ बसला पाहिजे, हा आग्रह त्यानंतर पावणेदोनशें वर्षांनीं आला.

रस आंबतो हें ज्ञान कांहीं नवें नव्हे. आयुर्वेदांतील द्राक्षासव व द्राक्षारिष्ट हीं औषधें ह्याच क्रियेवर उभीं आहेत. वैद्य द्राक्षांच्या रसांत किंवा काढ्यांत गूळ अथवा साखर मिसळून, त्यांत सह्याद्रीच्या रानांत मिळणारीं धायटीचीं फुलें टाकून, भांड्याचें तोंड बांधून ठेवीत. आंतील फसफस थांबली आणि तोंडाशीं धरलेली जळती काडी विझेनाशी झाली, म्हणजे आसव सिद्ध झालें असें समजत. ही परीक्षा मोठी मार्मिक आहे. परंतु ज्योत विझविणारा तो वायु कोणता, तो किती निघतो, आणि गोडी जाऊन आलेल्या तीव्र रुचीशीं त्याचें नातें काय, ह्या प्रश्नांचा उलगडा तीवरून होत नाहीं. युरोपांतील मद्य करणारांचीहि तीच स्थिति होती. १७५० नंतरच्या दशकांत स्कॉटलंडमधील जोसेफ ब्लॅक यानें दाखवून दिलें कीं, चुनखडी भाजली असतां निघणारा वायु आणि आंबणाऱ्या पिंपांतून निघणारा वायु हे एकच होत. त्या वायूस पुढें कर्बाम्लवायु हें नांव मिळालें. आजच्या शालेय पुस्तकांत त्यालाच कार्बन डायऑक्साइड म्हणतात.

आतां ह्या कथेंत एक हिशेबी मनुष्य प्रवेश करतो. आंत्वान लाव्हाझिए (१७४३–१७९४) हा फ्रान्समधील मोठा रसायनवेत्ता खराच, पण त्याचा चरितार्थाचा व्यवसाय होता कराच्या इजाऱ्याचा. राजाला ठराविक रक्कम भरावयाची आणि प्रजेकडून कर वसूल करावयाचा, असा मक्ता घेणाऱ्या मंडळांत १७६८ पासून त्याची भागी होती. जमेची बाजू आणि खर्चाची बाजू जुळली नाहीं तर कोठें तरी गळती आहे, हें इजारदाराला कोणी शिकवावें लागत नाहीं. लाव्हाझिएनें हीच दृष्टि प्रयोगशाळेंत नेली. तराजू पूर्वींहि होते. परंतु प्रत्येक क्रियेच्या आधीं आणि नंतर सर्व पदार्थ, अगदीं उडून जाणारे वायुसुद्धां, कोंडून तोलल्याशिवाय निकाल द्यावयाचा नाहीं, हा दंडक त्यानें रसायनशास्त्राला घालून दिला.

१७८९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या रसायनशास्त्राच्या मूलग्रंथांत त्यानें आंबण्याच्या क्रियेला एक स्वतंत्र प्रकरण दिलें. मनुष्याच्या किंवा निसर्गाच्या कोणत्याहि व्यवहारांत नवें द्रव्य निर्माण होत नाहीं, क्रियेपूर्वीं जेवढें होतें तेवढेंच क्रियेनंतर असतें, हें तत्त्व त्यानें येथें मांडलें. आणि तसें असेल तर क्रियेचे घटक व तिचीं फळें यांच्यामध्यें बीजगणितांतल्याप्रमाणें बरोबरीचें चिन्ह घालतां आलें पाहिजे असें सांगितलें. एका बाजूस द्राक्षरस, दुसऱ्या बाजूस कर्बाम्लवायु व मद्यार्क, असें तें समीकरण होतें. प्रत्यक्ष मोजणी मात्र त्यानें साखरेवर केली, कारण द्राक्षरसांत अनेक द्रव्यांची भेसळ असते. १०० लिव्र साखर, ४०० लिव्र पाणी आणि १० लिव्र किण्व मिळून ५१० लिव्रांची जमा त्यानें मांडली. एक लिव्र म्हणजे सुमारें अर्धा किलो. खर्चाच्या बाजूला वायु, मद्यार्क, थोडें शिरक्याचें अम्ल, न आंबलेली साखर, पाणी आणि किण्वाचा अवशेष. बेरीज पुन्हां ५१०.

बेरीज जुळली, परंतु आंतील रकमा बरोबर नव्हत्या. साखरेंत कर्ब किती व प्राणवायु किती, ह्याविषयींचा त्याचा अंदाज चुकलेला होता. मद्यार्काचा आंकडा आजच्या हिशेबाहून बराच अधिक आणि वायूचा बराच कमी धरला गेला होता. एका चुकीनें दुसरीला झांकलें आणि ताळेबंद सुबक दिसला. ज्यांनीं पेढीच्या वह्या तपासल्या असतील त्यांना हा अनुभव नवा वाटणार नाहीं: मेळ बसला म्हणजे नोंदी खऱ्या ठरतातच असें नाहीं. तरीसुद्धां लाव्हाझिएचें श्रेय कमी होत नाहीं. वही कशी लिहावयाची हें त्यानें ठरविलें, म्हणूनच पुढच्यांना त्यांतील चूक सांपडली. १८१५ मध्यें गे-ल्युसॅक यानें तो हिशेब दुरुस्त केला. ती दुरुस्ती पाहावयास लाव्हाझिए मात्र जिवंत नव्हता. राज्यक्रांतीच्या धामधुमींत कराचे इजारदार प्रजेचे शत्रु ठरले, आणि ८ मे १७९४ रोजीं, सासऱ्यासह व इतर इजारदारांसह, त्याचा शिरच्छेद झाला. त्याच्या ग्रंथांतील उपकरणांचीं चित्रें ज्या पत्नीनें रेखाटलीं होतीं, त्या मारी-ॲनचा पति व पिता असे दोघेहि एकाच दिवशीं गेले.

वजनाचा मेळ बसला. अणूंचा मेळ बसावयाचा राहिला होता. १८०८ मध्यें इंग्लंडांतील जॉन डाल्टन यानें प्रत्येक मूलद्रव्याचे अणु ठराविक वजनाचे असतात हा सिद्धान्त ग्रंथरूपानें मांडला. पण पाण्याच्या एका कणांत कोणते अणु किती, हें कळावें कसें? डाल्टननें सोपी कल्पना केली: उज्जाचा एक आणि प्राणवायूचा एक. उज्ज म्हणजे आजच्या पुस्तकांतील हायड्रोजन. त्याच सुमारास गे-ल्युसॅकनें मोजून दाखविलें कीं, उज्जाचीं दोन मापें व प्राणवायूचें एक माप ह्याच प्रमाणांत पाणी होतें. इटलींतील आव्होगाद्रो यानें १८११ मध्यें ह्याचा अर्थ उलगडला: हे वायु सुट्या अणूंचे नसून जोडीजोडीनें राहणाऱ्या अणूंचे, म्हणजे रेणूंचे, बनलेले आहेत. त्याचें म्हणणें जवळजवळ पन्नास वर्षें दुर्लक्षित राहिलें. इतक्या अवधींत एकाच पदार्थाची सूत्रें निरनिराळ्या प्रयोगशाळांत निरनिराळीं लिहिलीं जात. अखेर सप्टेंबर १८६० मध्यें जर्मनींतील कार्ल्सरूए येथें रसायनवेत्त्यांची परिषद भरली, आणि तेथें इटलीच्याच कानिझारो यानें आव्होगाद्रोचा पक्ष इतक्या स्पष्टपणें मांडला कीं, थोड्याच वर्षांत साऱ्या युरोपांत अणुभारांचें एकच कोष्टक मान्य झालें. लॅटिन नांवांच्या आद्याक्षरांनीं मूलद्रव्यें दर्शविण्याची बर्झेलियसची पद्धति त्यापूर्वींच रूढ होत आली होती. आजच्या विद्यार्थ्याच्या वहींतील समीकरणांत ह्या सर्वांचा वांटा आहे.

समीकरण जुळविण्याचा मुख्य नियमहि ह्याच इतिहासांतून निघतो. उज्जाच्या रेणूंत दोन अणु, प्राणवायूच्या रेणूंत दोन अणु, आणि पाण्याच्या रेणूंत उज्जाचे दोन व प्राणवायूचा एक. एकास एक रेणु घेऊन समीकरण लिहिलें तर प्राणवायूचा एक अणु शिल्लक राहतो. घाईचा विद्यार्थी तो अणु पाण्याच्या सूत्रांतच कोंबतो आणि दोन्ही बाजू समान झाल्या म्हणून समाधान पावतो. पण असें केल्यानें पाणी हें पाणी राहत नाहीं. तें हायड्रोजन पेरॉक्साइड होतें, जें जखम धुण्यास वापरतात आणि जें पिऊन तहान भागवितां येत नाहीं. सूत्र ही पदार्थाची जात आहे. तिला हात लावतां येत नाहीं. बदलतां येते ती केवळ रेणूंची संख्या. म्हणून उज्जाचे दोन रेणु, प्राणवायूचा एक, आणि पाण्याचे दोन, असें लिहिलें कीं हिशेब पुरा होतो.

हाच नियम द्राक्षरसाला लावून पाहावा. द्राक्षशर्करेच्या एका रेणूंत कर्बाचे ६, उज्जाचे १२ आणि प्राणवायूचे ६ अणु असतात. मद्यार्काच्या रेणूंत कर्बाचे २, उज्जाचे ६ व प्राणवायूचा १. कर्बाम्लवायूंत कर्बाचा १ व प्राणवायूचे २. शर्करेचा एक रेणु फुटून मद्यार्काचे दोन व कर्बाम्लवायूचे दोन रेणु होतात असें मांडलें, तर कर्ब चार अधिक दोन मिळून सहा, उज्ज बारा, प्राणवायु दोन अधिक चार मिळून सहा. कांहींच उरत नाहीं व कांहींच कमी पडत नाहीं. अणुभार घालून पाहिलें तर १८० ग्रॅम शर्करेपासून ९२ ग्रॅम मद्यार्क आणि ८८ ग्रॅम वायु निघतो. म्हणजे द्राक्षाची जवळजवळ निम्मी साखर हवेंत जाते.

ह्या अर्ध्या वांट्याला कमी लेखणें धोक्याचें आहे. पिकलेल्या द्राक्षांच्या एक लिटर रसांत सुमारें २२० ग्रॅम शर्करा असेल, तर ती सर्व आंबल्यावर साधारण हवामानांत ५५ लिटरांहून अधिक कर्बाम्लवायु बाहेर पडतो. तो हवेच्या दीडपट जड असल्यामुळें बंद तळघरांत किंवा टाकीच्या तळाशीं सांचून राहतो. त्याला रंग नाहीं, आणि धोक्याची सूचना मिळेल असा वासहि नाहीं. टाकी धुण्यास आंत उतरलेला मनुष्य कांहीं क्षणांत बेशुद्ध पडतो, आणि त्याला काढावयास धांवलेला दुसराहि त्याच्या शेजारीं कोसळतो. वाइन करणाऱ्या देशांत अशा दुर्घटना वारंवार घडल्या आहेत. वैद्याची विझणारी काडी आणि समीकरणाची उजवी बाजू ह्या दोन्ही एकच इशारा देतात.

समीकरण पूर्ण असलें तरी निसर्ग त्याचा गुलाम नाहीं, हेंहि द्राक्षरसानेंच शिकविलें. पाश्चर यानें १८६० मध्यें दाखविलें कीं, आंबणाऱ्या साखरेपैकीं शेंकडा पांचांच्या आसपास भाग ग्लिसरीन, सक्सिनिक अम्ल आणि स्वतः किण्वाच्या वाढीकडे जातो. १८९७ मध्यें बुख्नर यानें किण्वाच्या पेशी चिरडून काढलेल्या रसानेंहि साखर आंबते असें सिद्ध केलें, आणि जिवंत पेशीबाहेरहि तिचें रसायन चालूं शकतें हें कळून आलें. ह्या शोधासाठीं त्याला १९०७ मध्यें नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां बाटलींतून बागेंत यावें. रासायनिक क्रियांचे जे प्रकार पुस्तकांत शिकवितात, ते सर्व दिंडोरीच्या बागाईतदाराच्या एका फवारणींत पाहावयास मिळतात. द्राक्षवेलीवर पडणाऱ्या केवडा रोगासाठीं मोरचूद आणि चुना यांचें निळें मिश्रण वापरतात. त्याचें नांव बोर्डो मिश्रण. फ्रान्समधील बोर्डो येथील वनस्पतिशास्त्राचा अध्यापक मिलार्दे यानें १८८२ मध्यें पाहिलें कीं, वाटसरूंनीं द्राक्षें तोडूं नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद व चुना शिंपडलेला होता, आणि नेमक्या त्याच वेलींचीं पानें रोगांतून वांचलीं होतीं. तीन वर्षांच्या प्रयोगांनंतर, १८८५ मध्यें, त्यानें हा उपाय प्रसिद्ध केला. चोरांसाठीं योजलेली युक्ति साऱ्या जगांतील द्राक्षबागांच्या कामास आली.

ह्या मिश्रणांतील चुन्याचा प्रवास प्रथम पाहावा. भट्टींत चुनखडी भाजली कीं तिचे दोन पदार्थ होतात: कळीचा चुना आणि कर्बाम्लवायु. एकाचे अनेक होणें हें अपघटन. आंबणारी शर्कराहि ह्याच सदरांत बसते. कळीच्या चुन्यावर पाणी ओतलें कीं तो सणसणून तापतो, फुगतो आणि विरतो. दोहोंचें एक झालें, हा संयोग. विरलेला चुना मोरचुदाच्या द्रावणांत मिळविला म्हणजे तांबें आणि चुन्यांतील कॅल्शियम हे आपापले सोबती बदलतात. एकीकडे तांब्याचा निळा सांका होतो, दुसरीकडे कॅल्शियमचें सल्फेट, म्हणजे जिप्सम. हें दुहेरी विस्थापन. स्वीडनमधील बेर्गमन यानें १७७५ मध्यें पदार्थांच्या परस्पर ओढीचे एकेरी व दुहेरी असे भेद केले, तेव्हां त्याच्या दृष्टीपुढें असेच व्यवहार होते. मराठी घरांतून ह्याला साटेंलोटें म्हटलें तर कोणासहि समजावून सांगण्याची जरूर पडणार नाहीं.

राहिलें एकेरी विस्थापन. चुना कमी पडला तर मिश्रणांत मोरचूद मोकळा राहतो आणि कोंवळीं पानें करपतात. म्हणून फवारणीपूर्वीं घांसून स्वच्छ केलेलें लोखंडी पातें मिश्रणांत बुडवून पाहण्याची चाल आहे. पात्यावर तांबूस थर चढला तर लोखंडानें तांब्याला द्रावणांतून हुसकून त्याची जागा घेतली असें समजावें, आणि आणखी चुना घालावा. हें मिश्रण लोखंडी भांड्यांत करूं नये, ह्या नियमाचें कारणहि हेंच. ज्या शेतकऱ्यानें विस्थापन हा शब्द कधीं ऐकलेला नाहीं, तोहि ह्या क्रियेवर आपल्या वर्षाच्या पिकाचा भरंवसा टाकतो. कारण ऑक्टोबरच्या छाटणीनंतर अवकाळी पावसाचीं चार दिवसांची झड लागली, तर केवडा फुलोऱ्यावरील बाग पाहतां पाहतां हातची घालवितो.

समीकरणानुसार एक किलो मोरचुदाला सुमारें २२५ ग्रॅम शुद्ध कळीचा चुना पुरेसा आहे. प्रत्यक्षांत शेंकडा एक तीव्रतेच्या मिश्रणासाठीं एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि १०० लिटर पाणी असें प्रमाण सांगतात. बाजारचा चुना शुद्ध नसतो. शिवाय चुन्याच्या मानानें तांब्याचे निरनिराळे संयुक्त पदार्थ बनत असल्यामुळें खरी क्रिया पुस्तकांतील एका ओळीहून गुंतागुंतीची असते. समीकरण कमींत कमी किती लागेल तें सांगतें. अधिक किती घालावें हें पात्यावरचा रंग ठरवितो.

हें ज्ञान मराठींत आणण्यासाठीं ज्यांनीं कष्ट घेतले त्यांचें स्मरण येथें उचित होईल. कोल्हापुरास राजाराम कॉलेजांत शिकविणारे बाळाजी प्रभाकर मोडक (१८४७–१९०६) यांनीं रसायन व पदार्थविज्ञान ह्या विषयांवर मराठींत ग्रंथ लिहिले, तेव्हां ह्या शास्त्राची मराठी परिभाषा अद्याप घडावयाची होती. कर्ब, उज्ज, नत्र अशीं नांवें त्या पिढ्यांनीं रुळविलीं, आणि पुण्यास १९२८ मध्यें निघालेल्या ‘सृष्टिज्ञान’ मासिकानें शास्त्रीय मराठी घरोघर नेली. त्यांतील कित्येक शब्द आज मागें पडले आहेत. पण समीकरण, संयोग, विस्थापन ह्या शब्दांनीं मराठी मुलाला हा विषय स्वभाषेंत विचार करण्याजोगा केला.

आणि विचार करण्याजोगी एक बाब द्राक्षबागेंतच उरली आहे. समीकरणाच्या डाव्या बाजूला घातलेला तांब्याचा प्रत्येक अणु उजव्या बाजूला असतोच. साखर वायु होऊन उडते, औषधी द्रव्यें कालांतरानें कुजून त्यांचे साधे पदार्थ होतात. तांबें मूलद्रव्य आहे, तें कशांतहि मोडत नाहीं. पानावरून पावसानें धुतलें गेलेलें तांबें बागेच्या मातींत उतरतें आणि बव्हंशीं तेथेंच राहतें. फ्रान्समधील जुन्या द्राक्षबागांच्या मातींत शंभरांहून अधिक वर्षांच्या फवारणीचें तांबें सांचलेलें आढळलें आहे. गांडुळांस व जमिनींतील सूक्ष्म जीवांस त्याचा अतिरेक बाधतो. म्हणून युरोपीय संघानें २०१८ मध्यें नियम केला कीं, हेक्टरीं सात वर्षांत मिळून २८ किलोपेक्षां अधिक तांबें फवारूं नये. मोरचुदांत वजनाच्या पावपट तांबें असतें. शेंकडा एक तीव्रतेचें हजार लिटर मिश्रण एका हेक्टरावर फवारलें, तर १० किलो मोरचूद, म्हणजे अडीच किलो तांबें, त्या जमिनीच्या खात्यांत पडतें. अशा अकरा फवारण्यांत त्या नियमाची सात वर्षांची मर्यादा भरते. दिंडोरीच्या शाळेंतील ज्या मुलाला मोरचुदाचें सूत्र आणि त्यांतील अणुभार ठाऊक आहेत, त्याला हा हिशेब पाटीवर मांडून आपल्या वडिलांना दाखवितां येईल.